मासे मरत नाहीत, पण वाढतही नाहीत: तळ्यातले जड धातू कसे शोधायचे

जड धातूंमुळे तळ्यातले मासे एका रात्रीत मेले तर गाव गोळा होतं, पंचनामा होतो. पण असं क्वचित घडतं. एरवी मासे जिवंत असतात, खाद्य टाकलं की वर येतात, फक्त अंग धरत नाहीत. वर्षाअखेर किलोभराचा व्हायचा कटला चारशे ग्रॅमवर अडकतो आणि दोष बीजाला, पेंडीला नाहीतर पावसाला जातो. शेततळं, गावतळं किंवा पाझर तलावात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) पाळणाऱ्यांनी हे धातूंमुळे होतंय का ते कसं तपासायचं आणि तसं निघालंच तर काय करायचं, ते इथे दिलं आहे. टबांची चाचणी प्राणीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठीही वापरता येईल.

प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला म्हणजे निकाल लागला असं समजू नका. धातूचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. त्याच वयाचा, त्याच बीजाचा मासा स्वच्छ पाण्यात किती वाढला हे शेजारी असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून लॅबला पैसे देण्याआधी वजनकाटा बाहेर काढा.

आधी नेहमीचे चोर

वाढ खुंटलेल्या तळ्यांत बहुतेक वेळा धातूचा संबंध नसतो. हवा मारायचं यंत्र नसलेल्या तळ्यात हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), म्हणजे गुंठ्याला ५० ते १००, एवढंच पेलतं. त्याच्या तिप्पट टाकली असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही. विरघळलेला ऑक्सिजन सूर्य उगवताना मोजा, कारण रात्रभर शेवाळही तो वापरत असतं आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. तो रोज ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली जात असेल तर मासा खाद्यच नीट घेत नाही. अमोनियाचा किट आणून बघा. चार मासे हातात घेऊन कातडीवर चपटे, बोटाने सरकणारे ठिपके दिसतात का पाहा. ते आर्गुलस, म्हणजे माशाची ऊ.

ऑक्सिजनची कमतरता आणि कल्ल्यांची इजा यांत गल्लत होते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील तर तो ऑक्सिजनचा प्रश्न. भर दुपारी, मीटर ६ दाखवत असतानाही तेच चालू असेल, आणि कल्ल्याचं झाकण उचलल्यावर लालभडक रंगाऐवजी फिकट, बुळबुळीत चिकटा दिसत असेल, तर मात्र पाण्यात काहीतरी आहे. शिशाचा मारा जास्त काळ झाला की शेपटीकडचा भाग काळा पडतो आणि पाठीचा कणा वाकतो. कणा इतर कारणांनीही वाकतो, म्हणून एका वाकड्या माशावरून निष्कर्ष काढू नका.

वाढ मोजायची कशी

महिन्यातून एकदा, सकाळी, खाद्य टाकण्याआधी प्रत्येक जातीचे ३० मासे काढा. खाद्याच्या जागी पाग (फेकजाळं) टाकून काढलेले मासे धरू नका. तिथे आधी हावरे आणि मोठे मासेच येतात आणि सरासरी फुगते. ओढजाळं दोन कोपऱ्यांत मारा. काटा एक ग्रॅमचा असावा. मासा ओल्या फडक्यात धरून वजन करा, मग पट्टीवर थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्या. प्रत्येक माशाचं वेगळं लिहा, टोपलीचं एकत्र वजन करून भागाकार करू नका. धातूच्या तळ्यात सरासरीइतकीच महत्त्वाची असते ती माशामाशातली तफावत.

दोन आकडे काढायचे. पहिला रोजच्या वाढीचा टक्का: शेवटच्या सरासरी वजनाला सुरुवातीच्या वजनाने भागा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एलएन हे बटण दाबा, आलेल्या आकड्याला दिवसांनी भागून शंभराने गुणा. समजा ६० दिवसांत एका तळ्यातला रोहू २० ग्रॅमवरून ९५ वर गेला: ९५ भागिले २० म्हणजे ४.७५, त्याचा एलएन १.५६, भागिले ६०, गुणिले १००, उत्तर रोज २.६ टक्के. शेजारच्या तळ्यात तेच बीज ४८ ग्रॅमवर थांबलं: उत्तर १.४६ टक्के. मासा मोठा होत जातो तसा हा टक्का आपोआप उतरतो, म्हणून २० ग्रॅमच्या माशाची तुलना ३०० ग्रॅमच्या माशाशी करायची नाही.

दुसरा आकडा अंगाच्या भरण्याचा: वजन ग्रॅममध्ये, गुणिले १००, भागिले लांबीचा घन, लांबी सेंटिमीटरमध्ये. ९५ ग्रॅम आणि १९.५ सेंटिमीटरचा मासा १.२८ देतो. ४८ ग्रॅमचा, १७ सेंटिमीटरचा मासा ०.९८ देतो. हा दुसरा मासा लांबीला वाढलाय पण भरलेला नाही. डोकं मोठं, पाठ चिंचोळी. नुसत्या वजनावरून हे कळत नाही.

धातू वाढ कशी खातात

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे अंगातले क्षार सतत बाहेर झिरपतात आणि मासा कल्ल्यांतून सोडियम, कॅल्शियम परत ओढून घेत राहतो. कॅडमियम, जस्त आणि शिसं कॅल्शियमच्याच दारातून आत शिरतात आणि ते दार अडवतात. तांबं सोडियम ओढणाऱ्या पंपावर बसतं. शिवाय ते माशाचं नाक बधिर करतं, त्याला खाद्याचा वास येत नाही. आत शिरलेल्या धातूला बांधून ठेवायला यकृत खास प्रथिनं बनवायला लागतं. हे सगळं खाद्यातून आलेल्या ताकदीवरच चालतं. घरखर्चच वाढला तर शिल्लक पडणार कुठून? मासा जगतो, पण मांस चढत नाही.

पाण्यातल्या कॅल्शियमचं महत्त्व इथे कळतं. पाणी कठीण असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असेल, तर दारात गर्दी त्यांचीच असते आणि धातूला आत शिरणं अवघड जातं. तेवढंच तांबं मऊ पाण्यात जास्त नडतं. पावसाच्या पाण्यावर भरलेलं प्लास्टिकचं शेततळं आणि कोकणातल्या जांभ्यावरचं पाणी मऊ असतं. देशावरच्या बोअरचं पाणी बहुधा कठीण. सामू (पीएच) उतरला की मोकळा, विषारी धातू वाढतो. गढूळपणा आणि कुजलेल्या पाल्याचा तपकिरी रंग तांब्याला बांधून ठेवतो, म्हणून काचेसारखं नितळ पाणी या बाबतीत जास्त धोक्याचं.

येतात कुठून

कारखान्याचं सांडपाणी सगळ्यांना आठवतं. मुलाम्याच्या कारखान्यांतून क्रोमियम, निकेल, जस्त येतात. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून शिसं. औष्णिक वीज केंद्राच्या राखेतून आर्सेनिकसह बरंच काही. गावतळ्यात मूर्तींचं विसर्जन होत असेल तर रंगांतले धातू गाळात बसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनासाठी २०१० साली मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२० मध्ये ती सुधारली, ती याच कारणाने.

पण शेततळ्यात सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा धातू मालकाच्याच हातून जातो, तो म्हणजे तांबं. द्राक्षबागेत बुरशीसाठी फवारतात तो एक टक्क्याचा बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. मोरचुदात एक चतुर्थांश तांबं असतं. फवारणी संपल्यावर टाकीत उरलेलं १० लिटर द्रावण तळ्याकाठी ओतलं आणि ते पावसाने आत गेलं, तर २५ ग्रॅम तांबं गेलं. १५ लाख लिटरच्या तळ्यात ते सगळं मिसळलं तर लिटरला १७ मायक्रोग्रॅम होतं. बोर्डोतलं तांबं पटकन विरघळत नाही हे खरं, पण ते जात कुठेच नाही, तळाशी साठतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी कितीदा होते ते आठवा आणि हिशेब करा.

शेवाळ मारायला टाकलेलं मोरचूद हा दुसरा मार्ग. त्याचा डोस अल्कतेवर, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवायच्या ताकदीवर, ठरतो: अल्कता मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजायची, तिला १०० ने भागायचं, आलेला आकडा म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम मोरचूद. अल्कता ६० असेल तर ०.६ मिलिग्रॅम, १५ लाख लिटरला ९०० ग्रॅम. अल्कता ५० च्या खाली असेल तर मोरचूद वापरायचंच नाही. दुकानदार 'दोन किलो टाका' म्हणतो तेव्हा त्याने अल्कता विचारलेली नसते. वर मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं ते वेगळंच.

जस्ताचा उगम बहुधा गॅल्वनाइज्ड पाइप, पत्रे आणि टाक्या. बीज केंद्रात नवा गॅल्वनाइज्ड पाइप लावला आणि मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) मरायला लागले, की संशय आधी पाइपावर घ्यावा. कोंबडीखतात तांबं-जस्त असतं, कारण कोंबडीच्या खाद्यात ते घातलेलं असतं. स्फुरदयुक्त खतातून थोडं कॅडमियम येतं.

पाण्याचा नमुना

बिसलरीची रिकामी बाटली चालत नाही. जाड पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची एक लिटरची बाटली १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून, डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खळाळून वापरा. बहुतेक लॅब अशी बाटली तयार देतात, मागून घ्या. तळ्यात उतरून गाळ ढवळू नका. काठीला बाटली बांधून काठापासून दूर, हातभर खोलीवर भरा. हातात पावडर नसलेले मोजे, अंगठी-कडं काढून ठेवलेलं. पाणी येण्याचं तोंड, मधला भाग आणि सांडवा अशा तीन जागा घ्या. वरच्या अंगाला, संशयित नाल्याच्या आधीचा चौथा नमुना सर्वांत महत्त्वाचा.

विरघळलेला धातू हवा असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी जागेवरच गाळा आणि मग तीव्र नायट्रिक आम्ल घाला, लिटरला दीड-दोन मिलिलिटर, सामू २ च्या खाली जाईपर्यंत. आधी आम्ल आणि मग गाळण असा क्रम झाला की चिखलाला चिकटलेला धातूही सुटून पाण्यात येतो आणि आकडा उगाच फुगतो. आम्ल घातलेला नमुना सहा महिने टिकतो. पाऱ्याचा नमुना काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या बाटलीत वेगळा घ्या, तो २८ दिवसांत तपासला पाहिजे. सहा-संयुजी क्रोमियमच्या (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) नमुन्यात हे आम्ल घालायचंच नाही. बर्फात ठेवून २४ तासांत लॅबमध्ये पोचवायचा. एका बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरून तीही सगळीकडे फिरवा, तिच्यातही आम्ल घाला आणि तपासायला द्या. तिच्यात जस्त निघालं तर ते तळ्याचं नव्हे, तुमच्या हाताळणीचं.

सामू, तापमान आणि ऑक्सिजन जागेवरच मोजा, कठीणपणा आणि अल्कता लॅबला सांगा. कठीणपणाशिवाय धातूचा अहवाल जवळजवळ निरुपयोगी असतो.

अहवाल वाचताना दोन ठेचा

पहिली ठेच 'बीडीएल' या तीन अक्षरांची. याचा अर्थ यंत्राला दिसलं नाही एवढाच. ज्योतीवर चालणाऱ्या यंत्राची नजर कॅडमियमसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅमवर थांबत असेल, तर त्याच्या खालचं सगळं 'बीडीएल' म्हणून छापून येतं. वाढीच्या दृष्टीने काळजीची पातळी १ मायक्रोग्रॅमच्याही खाली आहे. नमुना देण्याआधीच विचारा: प्रत्येक धातूची किमान मोजता येणारी पातळी किती? कॅडमियमसाठी ०.१ आणि शिसं-तांब्यासाठी १ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारी लॅब पकडा. आयसीपी-एमएस हे अगदी बारीक मोजणारं यंत्र असलेल्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबमध्ये हे होतं.

दुसरी ठेच पिण्याच्या पाण्याच्या निकषाची. बहुतेक लॅब अहवालात शेजारी आयएस १०५०० चे आकडे छापतात आणि खाली 'योग्य' असा शेरा मारतात. हा निकष माणसाचा आहे. त्यात जस्त ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, तेही पोटातून. मासा चोवीस तास पाणी कल्ल्यांवरून फिरवत असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलचरांसाठी जस्ताची पातळी लिटरला १२० मायक्रोग्रॅम धरली आहे, तीही कठीणपणा १०० (मिलिग्रॅम प्रतिलिटर) असताना.

त्याच संस्थेचे दीर्घकाळच्या संपर्कासाठीचे बाकी आकडे, कठीणपणा १०० आणि विरघळलेला धातू धरून, मायक्रोग्रॅम प्रतिलिटरमध्ये: कॅडमियम ०.७२, शिसं २.५, तांबं ९, निकेल ५२, सहा-संयुजी क्रोमियम ११, पारा ०.७७. तांब्याचा आकडा कठीणपणावर आधारलेल्या जुन्या सूत्राचा आहे, आता तिथे आणखी घटक धरतात, पण तळ्याकाठी तो पुरेसा आहे. पाणी मऊ झालं की पातळी उतरते. कठीणपणा ५० असेल तर कॅडमियम ०.४३, शिसं १.२, तांबं ५, जस्त ६६, निकेल २९. क्रोमियम आणि पाऱ्याच्या आकड्यांचा कठीणपणाशी संबंध नाही.

हे आकडे नाजूक जातींना सांभाळण्यासाठी काढलेले आहेत. सायप्रिनससारखा मासा त्याहून जास्त सोसतो. म्हणून पातळी ओलांडली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. तिथून पुढची चौकशी सुरू करायची.

गाळ

पाण्यात धातू सापडला नाही तरी गाळ बघा. पाणी आजचं सांगतं, गाळ मागच्या पाच-दहा वर्षांचं. पाच जागांवरून वरचा ५ सेंटिमीटरचा थर प्लास्टिकच्या डावाने काढा, एकत्र कालवा, अर्धा किलो पॉलिथिनच्या पिशवीत भरा. फावडं, घमेलं नको.

गाळासाठी जगभर वापरले जाणारे आकडे आहेत. किलोला तांबं १४९, जस्त ४५९, शिसं १२८, क्रोमियम १११, निकेल ४८.६, कॅडमियम ४.९८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तळातल्या जीवांना इजा होण्याची दाट शक्यता धरतात. पण महाराष्ट्रात हे आकडे डोळे मिटून लावले तर फसगत होते. आपला काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि त्याच्या मातीत तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच भरपूर असतं. कारखाना नसलेल्या शिवारातला गाळही यातला एखादा आकडा ओलांडू शकतो. म्हणून वरच्या अंगाच्या, त्याच मातीच्या स्वच्छ ओढ्यातला गाळ सोबत तपासा आणि दोन्हींत लोहही मोजून घ्या. तांब्याला लोहाने भागून येणारं प्रमाण दोन्हीकडे सारखं असेल तर ते मातीचंच. तुमच्या तळ्यात ते दुप्पट-तिप्पट असेल तर बाहेरून आलंय. कॅडमियम, शिसं आणि पारा बेसाल्टात कमी असतात, त्यामुळे ते वाढलेले दिसले तर शंकेला जागा कमी.

टबांची परीक्षा

वाढ धातूनेच अडवली आहे का, याचं उत्तर इथे मिळतं. खर्च थोडा, चिकाटी जास्त. १०० लिटरचे दहा प्लास्टिक टब घ्या, रसायनांचे जुने ड्रम नकोत. पितळी तोटी, पत्र्याची बादली यांपैकी काही पाण्याला लागू देऊ नका. टबांच्या पाच जोड्या:

पहिली जोडी स्वच्छ पाण्याची.
दुसरी तळ्याच्या पाण्याची.
तिसरी अर्धं तळ्याचं, अर्धं स्वच्छ.
चौथी तळ्याचं पाणी आणि लिटरला १० मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन).
पाचवी स्वच्छ पाणी आणि तेवढंच ईडीटीए.

ईडीटीए तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं, निकेल यांना घट्ट पकडतं आणि पकडलेला धातू कल्ल्यातून आत जात नाही. म्हणजे दुसऱ्या जोडीत मासे खुरटले आणि चौथीत पहिलीसारखे वाढले, तर चोर सापडला. चौथीतही खुरटले तर कारण दुसरं: अमोनिया, कीटकनाशक, किंवा क्रोमियम-आर्सेनिक, कारण सहा-संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक ईडीटीएच्या हाती लागत नाहीत. तिसरी जोडी पहिली आणि दुसरी यांच्या मधोमध यायला हवी. पाचवी आहे ती ईडीटीएनेच माशांना काही होत नाही ना, हे बघायला. दुसरीतले मासे पहिलीइतकेच वाढले, तर पाणी निर्दोष. मग गाळ, खाद्य आणि गर्दीकडे वळा.

स्वच्छ पाण्याचा कठीणपणा आणि सामू तळ्याच्या पाण्याच्या जवळपास हवा, नाहीतर तुलना कॅल्शियमची होईल. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढा: १ मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे ७ मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट. पण थायोसल्फेट काही धातूंनाही बांधतं, म्हणून शक्यतो पाणी दोन दिवस हवा मारून उघडं ठेवलेलं बरं.

एकाच बीजाची ३ ते ५ ग्रॅमची बोटुकली स्वच्छ पाण्यात आठवडाभर रुळू द्या. फार मोठी, फार लहान काढून टाका. टबात दहा. त्याहून जास्त टाकली की अमोनिया वाढतो आणि परीक्षा बिघडते. प्रत्येक टबात हवेचा दगड. खाद्य सगळ्यांना एकाच पोत्यातलं, रोज अंगाच्या वजनाच्या ४ टक्के, दोन वेळा विभागून. तासाभराने उरलेलं नळीने ओढून काढा आणि किती उरलं ते लिहा. हा कंटाळवाणा भाग टाळू नका: भूक मंदावणं हे धातूचं अगदी सुरुवातीचं लक्षण आहे आणि वजनात फरक दिसायच्या आधी ते उरलेल्या दाण्यांत दिसतं. एक दिवसाआड तीन चतुर्थांश पाणी बदला. ईडीटीए फक्त नव्या पाण्याच्या हिशेबाने घाला. ७५ लिटरला ७५० मिलिग्रॅम. वजन पहिल्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आदल्या दिवशी उपाशी ठेवून. टब एका ओळीत उन्हा-सावलीत लावू नका. भिंतीकडचे गार राहतात आणि धातूचा म्हणून जो फरक मोजाल तो तापमानाचा निघतो. जोडीतले टब वेगवेगळ्या जागी ठेवा.

मासा तपासायला देताना

खायला चालेल का आणि वाढीला काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅडमियम, तांबं, शिसं कल्ले, यकृत आणि मूत्रपिंडात साठतात, मांसात कमी येतात. नुसतं मांस तपासलं तर अहवाल स्वच्छ आणि मासा खुरटलेला, असं होतं. वाढीचं कारण शोधायचं तर यकृत आणि कल्ले द्या, खाण्यासाठी मांस. पारा मात्र मांसातच साठतो, मरळीसारख्या शिकारी माशात जास्त, आणि शिजवून जात नाही.

अन्नसुरक्षा नियमांत माशासाठी शिसं आणि कॅडमियम प्रत्येकी किलोला ०.३ मिलिग्रॅम, पारा ०.५ अशी मर्यादा आहे; शिकारी माशाला पारा १. ही मर्यादा ओल्या वजनावर आहे. लॅबने सुक्या वजनावर आकडा दिला असेल तर तो चार-पाच पट मोठा दिसतो, कारण मांसात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. अहवालावर 'ओलं' की 'सुकं' ते लिहून घ्या. मासा अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नका, पॉलिथिनमध्ये भरून गोठवा. आकडे मर्यादेत असले तरी अशा तळ्यातल्या माशाचं यकृत आणि कल्ले कालवणात टाकू नयेत.

उपाय

येणारं पाणी थांबवल्याशिवाय बाकी सगळं वाया. फवारणीची टाकी तळ्यापासून लांब धुवा, काठाला उतार बाहेरच्या बाजूला द्या, पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात न घेता वळवा.

पाणी मऊ असेल तर कठीणपणा वाढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. एक घनमीटर पाण्याचा कठीणपणा १ मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढवायला १.७२ ग्रॅम जिप्सम लागतं. १५ लाख लिटर, म्हणजे १,५०० घनमीटर पाण्याचा कठीणपणा ५० ने वाढवायचा तर १२९ किलो. एकदम ओतू नका, तीन-चार दिवसांत पसरून टाका. सामूही कमी असेल तर शेतीचा चुना, गुंठ्याला २० किलोपर्यंत. कळीचा चुना मासे असताना कधीच नाही. सामू ८.३ च्या वर असेल तर शेतीचा चुना विरघळतच नाही, तळाशी पांढरा थर होऊन बसतो, तिथे जिप्समच. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते कल्ल्यांवर तांबूस गाळ धरतं. पाणी आधी शिंतोड्यांनी किंवा पायऱ्यांवरून पाडून हवा लागू द्या आणि एका खड्ड्यात दिवसभर निवळू द्या.

जलपर्णी मुळांत धातू ओढते हे खरं, पण कुजायच्या आत बाहेर काढली तरच. तिचं कंपोस्ट करू नका आणि जनावरांना घालू नका.

गाळात धातू असेल तर तळ ढवळणारे मासे, म्हणजे सायप्रिनस आणि मृगळ, कमी करून वरच्या थरातला कटला वाढवा. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो तेव्हा धातू गंधकाशी बांधलेले असतात. तळं वाळवून नांगरलं की ते बंध सुटतात, आम्ल तयार होतं आणि पहिल्या भरण्यात धातू पाण्यात उतरतात. वाळवणीनंतर पहिलं पाणी भरून दोन आठवडे ठेवा, तपासा, गरज पडली तर सोडून द्या आणि मगच बीज टाका. असं सोडलेलं पाणी ओढ्यात नको.

काढलेला गाळ शेतात पसरायची आपल्याकडे पद्धत आहे आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे ती वाढली. धातू असलेल्या तळ्याचा गाळ तपासल्याशिवाय पालेभाजीच्या रानात टाकू नका. कॅडमियम पानांत चढतं.

धातू कारखान्याचा निघाला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांना. तुमचे वजनांचे तक्ते आणि टबांचे आकडे सोबत जोडा, त्याने तक्रारीला वजन येतं. पण खटल्यात पुरावा म्हणून सांडपाण्याचा जो नमुना लागतो तो १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला, दोन भाग करून सीलबंद केलेला असावा लागतो. म्हणून अधिकारी कोणत्या वेळी येणार ते ठरवताना नाल्याला रंग किंवा वास कधी येतो याची पंधरा दिवसांची नोंद, तारीख-वेळेसह, त्यांच्या हातात द्या.